दोन हजार आठशे नव्वदचं ओव्हरलॉक

खासबागच्या बाईंनी माझं जुनं ओव्हरलॉक, म्हणजे कापडाच्या कडा गुंफणारं मशीन, रिक्षात चढवलं तेव्हा दोरी मीच बांधून दिली. साडेतीन हजारांना दिलं. लूपर, म्हणजे धागा गुंफणारा भाग, थोडा झिजलाय, तीन धाग्यांतला एक मधूनच तुटतो, हेही सांगून टाकलं होतं. त्यांनी पैसे मोजून हातावर ठेवले आणि मी आत येऊन मोकळा झालेला कोपरा झाडून घेतला. सोमवार होता, सकाळचे साडेअकरा. नवं मशीन बुधवारी येणार होतं, मोबाइलवर तसा मेसेज होता. दुपारी जेवायला बसले आणि दुसरा मेसेज आला: काही अपरिहार्य कारणामुळे तुमची ऑर्डर रद्द करण्यात आली आहे, पैसे परत मिळतील.

मी वडगावात राहते. बेळगावात ज्यांना वडगाव माहीत आहे त्यांना आमच्या गल्लीतला मागांचा खटखटाटही माहीत असेल. मालक, म्हणजे माझे यजमान, उद्यमबागेत फौंड्रीत आहेत. मी घरातच ब्लाऊज, फॉल-पिको, पोरींचे ड्रेस शिवते. दुपारी येळ्ळूरची एक मुलगी येते, ती हुक आणि तुरपाई बघते. तिचा उल्लेख मुद्दाम केलाय, पुढे त्या मुलीवरून बराच काथ्याकूट झाला.

तर शनिवारी रात्री काय झालं ते. नवरात्राचा सेल सुरू होता. पोरगी अंथरुणात पडून मोबाइल बघत होती. एकदम उठून बसली आणि म्हणाली, "आई, हे तुझंच मशीन न्हवं काय?" तेच होतं. मोटर आतच बसवलेलं ओव्हरलॉक, टेबल-स्टँडसकट. छापील किंमत ३४,९०० रुपये, त्यावर काट मारलेली. खाली मोठ्या अक्षरांत २,८९०. शेजारी लाल पट्टीत: ९२ टक्के सूट.

आता खरं सांगायचं तर पंधरवड्यापूर्वीच मी गावातल्या दुकानात याच मशीनची चौकशी करून आले होते. २७,५०० म्हणाले होते, त्यातून पाचशेसुद्धा सोडायला तयार नव्हते. म्हणजे भाव मला पाठ होता. २,८९० बघितल्यावर पहिल्यांदा वाटलं, एक शून्य गळलंय. आणि त्याच दमात वाटलं, सेल आहे, असेलही. दोन्ही गोष्टी एकदमच वाटल्या. त्यातली मला सोयीची होती ती मी धरली.

"थांब, मी टाकतो ऑर्डर," पोरगी म्हणाली. (आमच्याकडे पोरी 'मी जातो, मी करतो' असंच बोलतात, पुण्याकडच्या वाचकांनी दचकू नये.) माझ्या खात्यातून पैसे गेले, मिनिटभरात मेल आली: तुमची ऑर्डर कन्फर्म झाली आहे. मग पोरगी म्हणाली, दोन घेऊया, एक विकून टाकू. मी नको म्हटलं. त्यात प्रामाणिकपणा वगैरे काही नव्हता, दुसरं मशीन ठेवायला जागा नव्हती. पण पुढे वकीलसाहेब म्हणाले की अख्ख्या प्रकरणात मी केलेली सगळ्यात शहाणी गोष्ट हीच.

रविवारी मेसेज आला, तुमची वस्तू पॅक झाली आहे. हा मेसेज बघून मी खासबागच्या बाईंना फोन केला. माझ्या जुन्या मशीनसाठी त्या दोन महिन्यांपासून मागे लागल्या होत्या.

ऑर्डर रद्द झाल्यावर पोरीने तेच पान उघडून बघितलं. मशीन तिथंच होतं, किंमत २८,९००, सूट १७ टक्के. म्हणजे माल संपला नव्हता. शून्य परत जागेवर आलं होतं, एवढंच.

त्या दिवशी संध्याकाळी माझ्यासमोर बावीस ब्लाऊज कापून पडले होते आणि ओव्हरलॉक नव्हतं. पिशवी भरून पलीकडच्या गल्लीत गेले. तिथले काका नगाला दहा रुपये घेतात आणि वर त्यांची वेळ असेल तशी करून देतात. दिवाळी तोंडावर होती. पहिल्या दिवसापासून मी वहीत लिहून ठेवत गेले: तारीख, नग, रुपये. पुढे ग्राहक आयोगापुढे वापरू असं डोक्यातही नव्हतं, शिलाईच्या धंद्यात वही असतेच. नंतर त्या वहीलाच सगळ्यात जास्त मान मिळाला.

कंपनीच्या चॅटवर आधी यंत्राशी बोलणं झालं, मग माणसाशी. दोघांच्या बोलण्यात फरक कळला नाही. गैरसोयीबद्दल खेद आहे म्हणाले आणि ५०० रुपयांचं कूपन दिलं, तेही २,९९९ च्या वरच्या खरेदीवर चालणारं. पैसे मात्र चौथ्या दिवशी परत आले, पूर्ण आले. ते कबूल करते.

गल्लीत बातमी पसरली आणि सगळे कायदेपंडित झाले. समोरचे निवृत्त मास्तर ठामपणे म्हणाले, "छापील किंमत म्हणजे कायदा. लिहिली की द्यावीच लागते." ही समजूत फार जणांची आहे आणि माझीही होती. ती कुठून आली ते मला आता कळतं. वेष्टनावर जी कमाल किरकोळ किंमत छापलेली असते, तिच्यापेक्षा जास्त घेता येत नाही, हा वजनमापांचा नियम आहे. पण तो वरचा अडसर आहे. त्याखाली दुकानदाराने काय भाव लावायचा आणि लावलेल्या भावाला विकायचंच की नाही, याबद्दल तो नियम काहीच बोलत नाही. माझ्या मशीनची छापील किंमत ३४,९०० होती. २,८९० हा साइटने लावलेला भाव होता.

पोरगी कॉलेजात कॉमर्सला आहे. तिनेच शोधून काढलं की २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे प्रत्येक साइटला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्याने ४८ तासांत तक्रार मिळाल्याची पोच द्यायची आणि महिनाभरात तिचा निकाल लावायचा. नाव-पत्ता साइटच्या अगदी तळाशी, मुंगीच्या अक्षरांत. तिने इंग्रजीत मेल लिहिली. त्यात एक घोळ झाला. त्या रात्री किमतीच्या पानाचा फोटो काढून ठेवायला हवा होता, आमच्याकडे फक्त कन्फर्मची मेल आणि पैसे गेल्याचा मेसेज होता. पण पोरीने ऑर्डर टाकायच्या आधी मैत्रिणींच्या ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकून मारे मिरवलं होतं. तो सापडला. वर वेळ ११:४७, बॅटरी ९ टक्के आणि मधोमध ती लाल पट्टी. पुढे तोच फोटो तक्रारीला जोडला, बॅटरीसकट.

पोच वेळेत आली. उत्तर एकोणिसाव्या दिवशी आलं. तांत्रिक चुकीमुळे किंमत चुकीची दिसली आणि आमच्या अटींप्रमाणे अशी ऑर्डर रद्द करायचा आम्हाला अधिकार आहे.

मग १९१५. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीतही बोलता येतं आणि कन्नडमध्येही. मी मराठी निवडलं. पलीकडच्या ताई गोड बोलायच्या. नाव, नंबर, तक्रार सगळं घेतलं आणि मग विचारलं, "बेळगाव म्हणजे महाराष्ट्रच ना?"

१ नोव्हेंबर १९५६ पासून आमच्याकडे याच प्रश्नावर मोर्चे निघतायत, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात दावा पडून आहे. मी म्हटलं, "ताई, तुमच्या फॉर्मात कर्नाटक लिहा." त्यांना माझ्या हसण्याचं कारण कळलं नसावं.

हेल्पलाइन निकाल देत नाही. तक्रार कंपनीकडे पाठवते, उत्तर मागवते, मिटलं तर मिटवते. कंपनीने तेच उत्तर परत पाठवलं आणि कूपन हजाराचं केलं. दिवाळी झाली तरी मी काकांच्या गल्लीत पिशवी घेऊन जात होते. शेवटी मालक म्हणाले, किती दिवस चालायचं हे, जाऊन घेऊन ये. गावातल्या त्याच दुकानातून त्याच २७,५०० ना मशीन घेतलं, दहा हजार रोख आणि बाकीचे हप्त्याने. दुकानदाराने घरी येऊन टेबल जोडलं, धागे ओवून दिले, एक चिंधी चालवून दाखवली. त्याला सगळी गोष्ट सांगितली तर म्हणाला, "वैनी, दोन हजारात नुसती मोटर पण येत नाही की." ते मला माहीत होतंच.

खडेबाजारात बसणाऱ्या एका वकिलांच्या घरचे ब्लाऊज मी शिवते. त्यांच्याकडे गेले. फायदा असा झाला की त्यांनी फी घेतली नाही. तोटा असा की त्यांनी पहिलाच प्रश्न नको तो विचारला.

"वैनी, खरं सांगा. किंमत बघून तुम्हाला काय वाटलं?"

मी म्हटलं, सेल होता. ते गप्प बसून राहिले. मग मी म्हटलं, शून्य गळलंय असं वाटलं.

"मग मशीन २,८९० ला मिळेल हे डोक्यातनं काढून टाका."

त्यांनी मग जे समजावलं ते माझ्या भाषेत लिहिते. गणपत गल्लीत काचेत साडी लावलेली असते, तिच्यावर किमतीची चिठ्ठी असते. त्या चिठ्ठीमुळे दुकानदार बांधला जात नाही. चिठ्ठी म्हणजे आत या, बोलणी करू, एवढंच. आपण "ही द्या" म्हणतो तो प्रस्ताव. तो "घ्या" म्हणतो ती स्वीकृती. तिथं करार होतो. १८७२ चा कायदा आहे, मोबाइलवरच्या खरेदीलाही तोच लागतो. प्रश्न एवढाच की साइटवर "घ्या" कोण म्हणतं आणि कधी म्हणतं? आपण म्हणणार, पैसे घेतले, कन्फर्म अशी मेल पाठवली, झालं की. कंपनी म्हणणार, आमच्या अटींत लिहिलंय की माल गोदामातून निघाला की मगच स्वीकृती. त्या अटी मी वाचल्या होत्या का? कोण वाचतं?

बरं, करार झाला असं धरलं तरी किमतीत झालेल्या त्या चुकीचं काय? त्याच कायद्यात कलम २२ आहे: फक्त एका बाजूची चूक झाली म्हणून करार मोडता येत नाही. हे ऐकून मला बळ आलं. वकीलसाहेबांनी लगेच ते काढून घेतलं. एकाची चूक आणि दुसऱ्याला ती कळलेली, असं असेल तर न्यायालयं हात आखडता घेतात. इंग्लंडमध्ये १९३९ चा एक खटला आहे, सशाच्या कातड्यांचा. बोलणी सगळी नगावर झाली होती आणि कागदावर भाव पौंडाच्या वजनावर पडला, त्यामुळे कातडी फार स्वस्तात जात होती. घेणाऱ्याला ते कळलं आणि त्याने पटकन हो म्हटलं. न्यायालयाने त्याला काही मिळू दिलं नाही. सिंगापूरला तर आमच्यासारखंच झालं. ३,८५४ डॉलरचे प्रिंटर साइटवर ६६ डॉलरला दिसले, मध्यरात्री मित्रामित्रांनी मिळून सोळाशेच्या वर मागवले. २००४ मध्ये तिथल्या न्यायालयाने सांगितलं की यांना चूक कळलेली होती, करार नाही. पुढच्या वर्षी अपिलातही तेच झालं.

"तुम्ही दोन नाही मागवलीत, ते बरं केलंत," ते म्हणाले ते इथं.

मी उठायच्या बेतात होते. तेव्हा त्यांनी ओडिशाची गोष्ट सांगितली. २०१४ मध्ये एका कायद्याच्या विद्यार्थ्याने ॲमेझॉनवर १९० रुपयांना दिसलेला लॅपटॉप मागवला. मूळ किंमत तेवीस हजारांच्या वर. ऑर्डर कन्फर्म झाली आणि मग रद्द झाली. तो ग्राहक मंचात गेला. २०२१ मध्ये राज्य आयोगाने कंपनीला भरपाई आणि खर्च मिळून ४५ हजार रुपये द्यायला सांगितलं. १९० ला लॅपटॉप द्या असं म्हटलं नाही. कन्फर्म करून मग हात वर केले, त्याबद्दल दंड.

"तुमचं पण तसंच मांडूया. मशीन नको, त्रास मांडूया."

घरी येताना मला माझीच एक गोष्ट आठवली आणि फार चांगलं वाटलं नाही. मागच्या वर्षी मी व्हॉट्सॲप स्टेटसवर दर टाकले होते. आरी वर्कच्या ब्लाऊजला १,५०० लिहायचं तिथं १५० पडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शहापूरच्या एक आजी नातीच्या लग्नाचं कापड घेऊन दारात. बिचाऱ्या बस बदलून आलेल्या. मी कपाळाला हात लावला, पण शिवून दिलं, दीडशेलाच दिलं. दुपारी मात्र एक बाई आल्या, त्या स्वतः शिलाई करतात, आमच्यातल्याच. चार कापडं घेऊन आल्या, चारही वर्कची. त्यांना मी हसून चहा पाजला आणि परत पाठवलं. दोघींना दर तोच दिसला होता. आजींना खरा दर माहीत नव्हता, त्या बाईंना चांगलाच माहीत होता. आणि ओव्हरलॉकच्या बाबतीत मी आजी नव्हते, मी ती दुसरी बाई होते. तिला मी नाही म्हटलं होतं, मग कंपनीने मला नाही म्हटलं तर आरडाओरडा कशाला?

दोन दिवस हे डोक्यात फिरत राहिलं. तक्रार करूच नये असं वाटायला लागलं. मग पोरगी बोलता बोलता म्हणाली, "पण आई, तू त्या बाईला आधी हो म्हणून, पैसे घेऊन, कापड कापून मग नाही म्हटलं नाहीस की."

हे मात्र खरं होतं. शनिवारी रात्री पावणेबाराला शंका माझी होती. त्या शंकेवर मी ऑर्डर टाकली, तो माझा जुगार. पण त्यानंतर त्यांनी पैसे घेतले, कन्फर्म म्हटलं, दुसऱ्या दिवशी पॅक झालं म्हटलं, बुधवार सांगितला. माझी शंका त्यांनीच घालवली. सोमवारी जुनं मशीन गेलं ते २,८९० च्या आकड्यावर नव्हे, पॅक झालंय या शब्दावर. वकीलसाहेबांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, आता तुमची केस तुम्हाला कळली.

तक्रार ग्राहक आयोगाच्या ई-जागृतीवर टाकली. १ जानेवारी २०२५ पासून हे पोर्टल सुरू आहे, घरबसल्या भरता येतं. पाच लाखांपर्यंत भरलेल्या किमतीच्या मालाला फी नाही. घटनेपासून दोन वर्षांच्या आत करायची. माझा सगळ्यात मोठा प्रश्न होता तो जागेचा: विक्रेता सुरतेचा, साइटच्या अटींत लिहिलेलं की वाद फक्त बेंगळुरूच्या न्यायालयात, आणि मी वडगावात. २०१९ च्या ग्राहक कायद्यात ते सुटलेलं आहे. कलम ३४ प्रमाणे तक्रारदार जिथं राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. म्हणजे बेळगावातच. आमच्या भागाला ही मोठी सोय आहे. इथं लोकांचं माहेर गडहिंग्लजला, सासर निपाणीला, सिमकार्ड कोल्हापूरचं आणि आधार बेळगावचं. त्यातलं आधार चाललं.

कागद सगळे इंग्रजीत. प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून घेतलं. पहिल्यांदा अपलोड केलं तेव्हा वहीच्या पानांचे फोटो उलटे चढले, परत करावं लागलं. मागण्यांत वकीलसाहेबांनी बाहेर ओव्हरलॉकला दिलेले पैसे, जुनं मशीन गमावल्याचं नुकसान, मनस्ताप आणि खर्च एवढं लिहिलं. मी हट्ट करून २,८९० ला मशीन द्यावं हेही घालायला लावलं. म्हटलं, मागायला काय जातंय. ते हसले, पण घातलं.

तक्रार दाखल करून घेतली गेली, नोटीस गेली. कंपनीचं उत्तर आलं ते मुदतीच्या अगदी शेवटच्या दिवसांत. तीस दिवस असतात, आयोगाला वाटलं तर पंधरा आणखी. चाळीसेक पानं होती, बहुतेक सगळ्या अटीच. मुद्दे चार. आम्ही फक्त बाजार भरवतो, विकणारा वेगळा. किंमत उघड चुकीची होती. बेंगळुरू. आणि चौथा मुद्दा: तक्रारदार शिलाईचा व्यवसाय करतात, मदतनीस ठेवतात, म्हणजे खरेदी व्यावसायिक कारणासाठी होती आणि त्या ग्राहकच नाहीत.

हा चौथा वाचून मी हादरले. येळ्ळूरच्या त्या पोरीमुळे मी ग्राहक राहिले नाही? तिला महिन्याकाठी देते ते तिच्या बसपासाला आणि थोडंफार वरच्या खर्चाला पुरतं. पण कायद्यात याचंही उत्तर होतं. व्यावसायिक कारणासाठी घेतलेला माल ग्राहक कायद्यात बसत नाही, हे खरं. मात्र स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतला असेल तर बसतो. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे नीट सांगून ठेवलंय: स्वतः मशीन चालवणाऱ्याने मदतीला एखाद-दोन माणसं घेतली म्हणून तो ग्राहक नसतो असं होत नाही. वकीलसाहेबांनी विचारलं, ओव्हरलॉक ती मुलगी चालवते का? मी म्हटलं, तिला मी हातसुद्धा लावू देत नाही.

त्याच चौथ्या मुद्द्यात एक ओळ अशी होती की तक्रारदार या व्यवसायातल्या असल्याने त्यांना बाजारभावाची पूर्ण कल्पना होती. ती मात्र खोटी नव्हती. गावातल्या दुकानात मी चौकशी केली होती हे त्यांना ठाऊक नसताना त्यांनी नेम बरोबर धरला होता.

आयोगाने विचारलं, मध्यस्थीला तयार आहात का. दोघांनी हो म्हटलं. कंपनीच्या वकीलबाई पडद्यावरून बोलत होत्या, आवाज मधूनच अडकायचा. बोलणं थोडं कन्नड, थोडं इंग्रजी, माझ्यासाठी वकीलसाहेब मराठीत सांगत होते. आमच्या वकिलांनी स्क्रीनशॉट पुढे केला. म्हणाले, चूक म्हणता, मग ९२ टक्के सूट कुणी छापली? पलीकडून उत्तर आलं, ती यंत्र आपोआप काढतं. त्यावर त्यांनी त्याच आठवड्यातल्या त्याच साइटच्या जाहिराती ठेवल्या: ऐंशी टक्के, पंच्याऐंशी टक्के. तुम्ही रोज ऐंशी टक्के ओरडता, मग ब्याण्णव टक्के खोटं आहे हे माणसाने कुठल्या टक्क्यावर ओळखायचं?

मला हा मुद्दा फार आवडला. आजही आवडतो. पण मध्यस्थ बाईंनी माझ्याकडे वळून सरळ मराठीत विचारलं, "तुम्हाला तर भाव माहीत होता ना?"

वकीलसाहेब काही बोलायच्या आत मी म्हटलं, "होय, शंका होती मॅडम. पण कन्फर्म म्हणाले, पॅक झालं म्हणाले, तेव्हा गेली. ते नसते म्हणाले तर मी जुनं मशीन विकलं नसतं." आणि वही पुढे केली. मशीन गेल्यापासून नवं घेईपर्यंत सात आठवडे, ३१२ नग, ३,१२० रुपये. रिक्षाचे वेगळे.

पडद्यावरच्या बाईंनी वहीचं पान जवळ धरायला सांगितलं. काकांच्या गल्लीतला हिशेब, कोपऱ्यात मी पोरीच्या फीची बेरीज केलेली, एका पानावर चहाचा डाग. त्या बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, कंपनीला विचारून सांगते.

पुढच्या तारखेला आठ हजारांवर तडजोड झाली. २,८९० ला मशीन ही मागणी मी सोडली. वकीलसाहेबांनी माझ्याकडे बघितलं तेव्हा मी मान हलवली, त्यात अवघड काही वाटलं नाही. आणखी ताणलं असतं तर जास्त मिळालं असतं असं गल्लीतल्या मास्तरांचं मत आहे, आणि असेलही. आमच्या घरी तोपर्यंत चैत्र लागला होता, लग्नाचे ब्लाऊज येऊन पडले होते.

तडजोडीचा कागद इंग्रजीत होता, शिक्का कन्नडमध्ये. वकीलसाहेबांनी ओळ न् ओळ वाचून दाखवली. कारकुनाने बोट ठेवलं, "अक्का, इल्ली सही माड्री." मला तेवढं कन्नड येतं. पेन घेतलं आणि थबकले. विचारलं, मराठीत केली तर चालेल का?

तो म्हणाला, "बँकेत कशी करता? तशीच करा की."